सांधा जोडायचाच असेल, तर छोट्या छेदांतून का नको?

धागाकर्ती: उंचावरून उडी मारताना आमच्या कुत्रीच्या पुढच्या पायाचं मनगट गेलं. तळाकडचे अस्थिबंध एकदा फाटले की पट्टी बांधून ते पुन्हा घट्ट होत नाहीत, पंजा चालताना सपाट पडतो. म्हणून सांधा कायमचा जोडला, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा खरवडून धातूची प्लेट बसवली. छेद मोठा होता. तिथे कातडी मुळातच तुटपुंजी, त्यात खाली प्लेटची जाडी. टाके ताणले आणि जखम उसवली. ती भरेपर्यंत तिचे जे हाल झाले, ते मी विसरू शकत नाही. सी-आर्मवर (शस्त्रक्रिया चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रावर) बघत दोन-तीन छोट्या छेदांतून प्लेट कातडीखाली सरकवता येते. रक्तपुरवठा शाबूत राहतो, आणि हाड जुळतं ते रक्तावरच. पहिला विचार याचाच व्हायला हवा.

प्राण्यांचा सर्जन: असहमत. मनगटात सांध्यांच्या तीन ओळी असतात. छोट्या छेदातून बर (कूर्चा खरवडणारं फिरतं अवजार) फिरवताना एखाद्या कोपऱ्यात कूर्चा राहिली, तर तिथे हाड जुळत नाही. मग सगळा भार प्लेटवर येतो, स्क्रू सैल होतात, नाहीतर तुटतात. शिवाय बर तापतो. पाणी नीट पोहोचलं नाही तर हाडच भाजतं. उघड्या शस्त्रक्रियेत हे डोळ्यांसमोर असतं.

धागाकर्ती: पण मनगट ज्या १० अंशांच्या आसपासच्या कोनात जोडतात, तो सी-आर्मवरही दिसतो, आणि ग्राफ्ट, म्हणजे सांध्यात भरायचं हाडाचं कलम, त्याच छेदांतून भरता येतो.

मांजरवाली: मांजरांचं वेगळं आहे. पंजाची हाडं बारीक असतात; स्क्रूची जाडी हाडाच्या रुंदीच्या ४० टक्क्यांवर गेली तर हाड तिथेच मोडू शकतं. मला छेदाच्या लांबीपेक्षा याची जास्त काळजी वाटते. आणि सांधा जोडल्यावर चढणं-उडी मारणं पहिल्यासारखं राहत नाही, हे आधी कोणी बोलतच नाही!

प्राण्यांचा सर्जन: बरोबर. धागाकर्ती, जखमेचं वाचून वाईट वाटलं. नुसते अस्थिबंध फाटले असतील, हाडं जागेवर असतील आणि हात सरावलेला असेल, तर छोटे छेद मलाही चालतील. हाडांचा चुरा झाला असेल किंवा सांधा जुना, वाकडा झाला असेल, तर नाही.

धागाकर्ती: आमच्या कुत्रीचे नुसते अस्थिबंधच फाटले होते. तरी दुसरा पर्याय असतो, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही.