कॉकाटीलचा पिंजरा पावसाळ्यात कुठे ठेवावा? मदत हवी आहे

गुहागरजवळ राहतो. देशी पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, म्हणून कॉकाटील हा छोटा परदेशी पोपट आणतोय. घरातला पहिलाच पक्षी. आडवा, मोठा पिंजरा घेतलाय, पेरूच्या फांद्या धुऊन सुकवून आत बसवल्यात. नॉनस्टिक तवा काढून टाकला; तो जास्त तापला की त्याच्या वाफेने पक्षी दगावतात.

अडलंय जागेपाशी. माजघरात चुलीचा धूर येतो. पडवीत वारा छान, पण सर थेट आत येते आणि मागच्या आषाढात तिथेच वाशाला धामण लोंबत होती. राळा-बाजरी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवूनही आठवड्यात कुबट वास यायला लागला, वाळवायला ऊनच नाही.

पिंजरा दिवसा पडवीत, रात्री आतल्या खोलीत असा रोज हलवला तर नवा पक्षी बिचकेल का? आणि दाणे कोरडे राहायला तुम्ही काय करता?