मदत हवी आहे: गुलाल उडाला की व्हिडिओचे चौकोन होतात. दोष टेपचा, दुकानाचा की स्टँडर्डचा?

शेवटची_रांग
नमस्कार मंडळी. पुण्यातल्या आमच्या ढोल-ताशा पथकाच्या २३ मिनीडीव्ही कॅसेट एका जुन्या वादकाच्या माळ्यावर सापडल्या. २००१ ते २००७ ची विसर्जनं, नदीपात्रातले सराव आणि एक कोजागरी. यंदा पथकाला २५ वर्षं होतायत, म्हणून सगळ्या कॅसेट शहरातल्या एका दुकानात देऊन पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. एका कॅसेटची एक एमपी४ फाइल, साधारण ७०० एमबीची.

सराव आणि कोजागरी ठीक दिसतात. पण मिरवणूक बेलबाग चौकातून लक्ष्मी रोडला लागली आणि गुलाल उडाला, की पडदाभर चौकोन. चेहरे म्हणजे बाथरूमच्या फरशा. शिवाय ढोलाचं टिपरू जोरात फिरलं की त्याला कंगव्यासारखे दात येतात.

दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "साहेब, हे एच.२६४ आहे, व्हिडिओ दाबून लहान करायचं इंटरनॅशनल स्टँडर्ड. जगभर हेच चालतं, याच्यावर काही नाही. तुमची टेपच गेलीय." आता मी पडलो कॉमर्सवाला. स्टँडर्ड म्हटल्यावर गप्प बसलो. पण घरी आल्यावर वाटलं, हे स्टँडर्ड ठरवतं तरी कोण, आणि आयएसआय मार्क असलेलं हेल्मेट डोक्यावर टिकतं तर हे का फुटतं? पैसे पूर्ण दिलेले आहेत, कॅसेट परत मिळाल्या आहेत. आता काय करू?

जुनी_कॅसेट
कॅसेट परत घेतल्यात ना? मग अर्धी लढाई जिंकलात. त्या फेकू नका, चुंबकाशेजारीही ठेवू नका. फाइल मीडियाइन्फोमध्ये (फाइलचे तपशील दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून काय दिसतं ते इथे टाका.

शेवटची_रांग
एव्हीसी, ७२० × ५७६, २५ फ्रेम, प्रोग्रेसिव्ह, १५०० केबीपीएस. सगळ्या २३ फाइलींना हेच आकडे.

बाणेरकर
सगळ्यांना १५००? मग टेपवर आळ घेण्याआधी थांबा. मी व्हिडिओ डिकोडरवर, म्हणजे दाबलेली फाइल उलगडून चित्र दाखवणाऱ्या भागावर काम करतो, त्यामुळे जरा लांबेल.

मिनीडीव्हीवर चित्र मुळातच कॉम्प्रेस होऊन बसलेलं असतं, पण सैलसर: सेकंदाला २५ मेगाबिट, म्हणजे तासाला साधारण १३ जीबी. डीव्हीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र दाबलेली असते, शेजारच्या फ्रेमवर अवलंबून नसते. दुकानाने तो १३ जीबीचा ऐवज ७०० एमबीत कोंबला. नदीपात्रात कॅमेरा तिकाटण्यावर, मागे झाडं स्थिर, हलतात फक्त हात. तिथे हे खपून जातं. कारण एच.२६४ काय करतं, तर चित्राचे १६ × १६ चे ठोकळे पाडतं आणि प्रत्येक ठोकळ्यासाठी आधीच्या फ्रेममध्ये शोधतं: हा तुकडा मघाशी कुठे होता? सापडला तर "तोच घे, चार घरं उजवीकडे सरकव" एवढंच लिहायचं. उरलेला फरक गणिताने लहरींमध्ये मोडायचा आणि बारीक लहरींना कात्री लावायची.

गुलालाचा कण मघाशी कुठे होता? कुठेच नव्हता. पुढच्या फ्रेममध्येही तो नसणार. लाखो कण, प्रत्येकाची वाट वेगळी, वर हॅलोजनचा उजेड. शोध फसतो, फरक डोंगराएवढा होतो, आणि दुकानाने सांगून ठेवलंय की सेकंदाला १५०० किलोबिटच्या वर जायचं नाही. मग एन्कोडर, म्हणजे फाइल दाबणारं सॉफ्टवेअर, बारीकच काय, मधल्या लहरीही टाकून देतो. ठोकळ्यात उरतो एक सपाट रंग. तीच तुमची फरशी.

टेप खरोखर गेली असेल तर खूण वेगळी असते. पॅल डीव्हीची (आपल्याकडची २५ फ्रेमवाली पद्धत) एक फ्रेम टेपवर १२ तिरप्या पट्ट्यांत लिहिली जाते. कॅमेऱ्यातलं टेप वाचणारं हेड घाण असेल तर चित्रात आडवे पट्टे बिघडतात, आणि ते गुलाल असो वा कोजागरीचं दूध, कशालाही जुमानत नाहीत. तुमचे चौकोन गुलालाबरोबर येतात आणि गुलाल बसला की जातात, बरोबर?

शेवटची_रांग
अगदी तसंच! पण मग स्टँडर्डला हे कळत नाही का? इतकी मोठी माणसं बसून ठरवतात ना?

बाणेरकर
इथेच दुकानदाराने तुम्हाला गंडवलं, किंवा तोच गंडलाय. हे स्टँडर्ड फाइल कशी उलगडायची ते सांगतं. कशी बांधायची ते सांगतच नाही. बिट कोणत्या क्रमाने येतील, त्यातला प्रत्येक वाचून डिकोडरने नेमकं काय करायचं, एवढंच शेकडो पानांत लिहिलेलं आहे. एन्कोडरने ठोकळा कुठे शोधावा, बिट कुठे उधळावे, कुठे वाचवावे, यावर ते मुद्दाम गप्प आहे. म्हणून दोन फाइली शंभर टक्के एच.२६४ असतात, आणि एक झकास तर दुसरी फरशा. तुमच्या हेल्मेटची तुलना त्यामुळेच लागू होत नाही. आयएसआय मार्क हेल्मेटची मजबुती तपासतो. इथे तपासलं जातं ते एवढंच, की फाइल कुठेही उघडली तरी सारखीच उघडते.

आमच्याकडे हे फार कडक असतं. कॉन्फॉर्मन्स स्ट्रीम नावाच्या ठरलेल्या फाइली असतात आणि त्यांची उत्तरंही ठरलेली असतात. आमच्या डिकोडरचं उत्तर एका पिक्सेलने चुकलं तरी नापास. एच.२६४ च्या आधीच्या एमपीईजी-२ या स्टँडर्डच्या काळात थोडी सवलत होती, कारण तिथलं रूपांतर अपूर्णांकांचं होतं आणि दोन डिकोडरांत किंचित फरक चालून जायचा. एच.२६४ ने ते पूर्णांकांवर आणलं आणि सबबी संपल्या. एक बिट चुकतोय म्हणून मी अख्खा श्रावण घालवलाय, असो.

अनुस्वार
ठरवतं कोण, ते राहिलं की हो बाणेरकर.

बाणेरकर
येतो, येतो. दोन घरं आहेत आणि दोन्हींचा पत्ता जिनिव्हा. एक आयटीयू, दूरसंचारवाली. १९८८ सालचं एच.२६१ हे व्हिडिओ स्टँडर्ड त्यांचं, तेव्हा त्या शाखेला सीसीआयटीटी म्हणत. दुसरं आयएसओ-आयईसी, त्यांच्यात १९८८ मध्येच एमपीईजी हा गट निघाला, लिओनार्दो कियारिलियोने आणि हिरोशी यासुदा यांच्या पुढाकाराने. दोन्ही घरांतले तज्ज्ञ पुढे एकत्र बसू लागले, म्हणून एकाच बाळाची दोन नावं: एच.२६४ म्हणजेच एमपीईजी-४ भाग १०, म्हणजेच तुमच्या मीडियाइन्फोतलं एव्हीसी. २००३ सालचं. डीडी फ्री डिशच्या बॉक्सवर "एमपीईजी-४" लिहिलेलं असतं, तेही हेच.

पद्धत सांगतो. आधी मागणी निघते: सध्याच्यापेक्षा साधारण निम्म्या बिटांत तसंच चित्र दाखवा. एच.२६४ नंतरच्या एच.२६५ च्या वेळी जानेवारी २०१० मध्ये निघाली. त्या एप्रिलला ड्रेसडेनमध्ये २७ प्रस्ताव आले. सगळ्यांनी त्याच ठरलेल्या क्लिप दाबायच्या, आणि माणसांना बसवून, कोणती फाइल कोणाची हे न सांगता, गुण द्यायला लावायचे. चांगल्या कल्पना एकत्र करून एक नमुना सॉफ्टवेअर तयार होतं. मग साधारण तीन-तीन महिन्यांनी बैठका. ज्याला सुधारणा सुचते त्याने क्रमांक घातलेला कागद सादर करायचा, नमुना सॉफ्टवेअरमध्ये बसवून दाखवायचा, किती टक्के बिट वाचले आणि वेळ किती वाढला ते मांडायचं. आणि ते आकडे दुसऱ्या कंपनीने स्वतः चालवून खरे आहेत म्हणायचं. बऱ्याचदा ही दुसरी कंपनी बाजारातली प्रतिस्पर्धी असते. मला हा भाग सगळ्यात आवडतो. आपल्याकडे सोसायटीच्या हिशेबाला हा नियम लावून बघा.

तज्ज्ञांच्या बैठकीत हात वर करून मतदान नाही, एकमत होईपर्यंत चर्चा. मतदान नंतर, आयएसओकडे, देशोदेशींच्या मानक संस्थांचं. भारताकडून बीआयएस, म्हणजे आयएसआय मार्क देणारे तुमचे हेल्मेटवाले. असं करत एच.२६५ ला २०१३ उजाडलं. त्यापुढच्या एच.२६६ ची मागणी ऑक्टोबर २०१७ ची, पक्कं झालं जुलै २०२० मध्ये, आणि शेवटच्या काही बैठका कोविडमुळे ऑनलाइन.

कात्री_चिकट
आणि एवढं सगळं करून फुकट नाहीच ना? पेटंटचं सांगा की.

बाणेरकर
मजकूर फुकट आहे, आयटीयूच्या साइटवरून कोणीही उतरवून घ्या. आतल्या युक्त्यांवर पेटंट असतात. बैठकीत फक्त "वाजवी दराने परवाना देऊ" एवढं जाहीर करायचं असतं, दर संस्था ठरवत नाही. एच.२६५ ला त्याचा फटका बसला. परवान्याची एक खिडकी असायची तिथे तीन झाल्या, शिवाय खिडकीबाहेर उभे असलेले वेगळेच. वैतागून काही बड्या कंपन्यांनी २०१५ मध्ये अलायन्स फॉर ओपन मीडिया काढली आणि २०१८ मध्ये एव्ही१ हे स्वतःचं स्टँडर्ड आणलं. शेवटची_रांग यांना यातलं काही भरायचं नाही, काळजी नसावी.

अनुस्वार
एक भर. त्या "लहरींमध्ये मोडायच्या" गणितामागे नासिर अहमद आहेत, जन्म बंगळूरचा. १९७२ मध्ये अमेरिकेत त्यांनी त्यासाठी अनुदान मागितलं होतं, ते नाकारलं गेलं. १९७४ मध्ये नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत शोधनिबंध आला. एच.२६१ पासून तीच वाट.

जुनी_कॅसेट
आता कामाचं बोलू का? तुमच्या दुकानाने बहुधा पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने उतरवलंय. मिनीडीव्ही तशी उतरवायची नसते. कॅमेऱ्याला फायरवायर या जुन्या डिजिटल केबलचं छोटं भोक असेल, त्यातून टेपवरचे बिट जसेच्या तसे येतात, मध्ये काही दाबलं जात नाही. नव्या लॅपटॉपला हे मिळणार नाही. जुना डेस्कटॉप शोधा आणि तपकीर गल्लीत फायरवायरचं पीसीआय कार्ड विचारा. पहिल्या तीन दुकानांत "काय?" म्हणतील, पुढे जा.

२३ तासांचे ३०० जीबी होतील. ती मूळ डीव्ही फाइल ठेवा, दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. वाटायला वेगळी प्रत करा.

बाणेरकर
+१. वाटायच्या प्रतीसाठी एच.२६४ च ठेवा. मंडळाचा जुना टीव्हीसुद्धा उघडेल, आणि ५७६ ओळींच्या चित्रासाठी एच.२६५ चा हट्ट नको. हँडब्रेकमध्ये (व्हिडिओ रूपांतर करणारं सॉफ्टवेअर) बिटरेट ठरवू नका, दर्जा ठरवा: सीआरएफ १८. मग गुलालाला लागतील तेवढे बिट जातील, कोजागरीत वाचतील. हा सीआरएफही स्टँडर्डमध्ये कुठे नाही, एन्कोडर लिहिणाऱ्यांचं डोकं.

कंगव्याचे दात: कॅमेरा सेकंदाला ५० अर्धी चित्रं घेतो, आधी एक आड एक ओळी, मग राहिलेल्या. दुकानाने दोन अर्धी शिवून २५ पूर्ण केली. या दोन अर्ध्यांच्या मध्ये टिपरू पुढे गेलेलं असतं. हँडब्रेकच्या डिइंटरलेसमध्ये (अर्धी चित्रं वेगळी करणारी सेटिंग) बीडब्ल्यूडीआयएफ, बॉब, आणि फ्रेमरेट ५०. ताशाच्या काड्या सुट्या दिसतील.

शेवटची_रांग
अपडेट, तीन आठवड्यांनी. कार्ड पाचव्या दुकानात मिळालं. कॅमेरा आमच्या पथकात टोल वाजवणाऱ्याच्या मेहुण्याचा.

२००५ च्या विसर्जनाची फाइल सीआरएफ १८ ला साडेतीन जीबी झाली, कोजागरीची सव्वा जीबी. दोन्हींना सेटिंग एकच! अलका चौकातला गुलाल आता गुलालासारखा दिसतो, आणि त्याच्या मागे ध्वज धरलेली मुलगी कोण यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस भांडण चालू आहे. आधीच्या फाइलीत ती गुलाबी चौकोन होती. दुकानदाराला दोन्ही फाइली शेजारी लावून दाखवल्या. म्हणाला, "तुमचा कॉम्प्युटर भारी असेल."

बाणेरकर, एक राहिलंय. २००३ च्या टेपला आडवे पट्टे आहेत, कॅमेरा नुसता रिकाम्या रस्त्यावर असला तरी. म्हणजे तुम्ही सांगितलेलं हेडचं प्रकरण ना? मिनीडीव्हीची क्लीनिंग कॅसेट पुण्यात कोणाकडे आहे का? एका दिवसासाठी द्या, कोथरूड ते हडपसर कुठेही घ्यायला येतो.

जुनी_कॅसेट
माझ्याकडे आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. १० सेकंदांच्या वर चालवायची नाही, आणि रिवाइंड करायची नाही.