सडा पडीक नसतो

सत्तरीकर: गेल्या आठवड्यात डिचोलीच्या बाजूने येताना बघितलं, आम्ही लहान असताना श्रावणात निळ्या-जांभळ्या फुलांनी भरायचा तो सडा, म्हणजे डोंगरावरचं जांभ्या दगडाचं पठार, आता अर्धा चिऱ्यांसाठी कापलाय आणि उरलेल्यावर प्लॉट पाडलेत. विचारलं तर म्हणतात, होतं काय तिथे, पडीकच होता. मला हे पटतच नाही. वाघ मेला की पेपरात येतं, पण सीतेची आसवं नावाची चिमुकली फुलं, बेडूक, देवगांडूळ गेलं तर कुणाला कळणार? २००७ मध्ये आपल्या सत्तरीतूनच देवगांडुळाची नवी जात नोंदली गेली, गेगेनिओफिस गोएन्सिस, नावातच गोवा आहे. बेडकासारखाच उभयचर, पण पाय नसलेला, ओल्या मातीत राहणारा जीव तो, त्याच्या जागेवर जेसीबी फिरवला तर दुसऱ्या गावात थोडाच जाणार आहे. मारायला बंदूक लागत नाही, जागा काढून घेतली की झालं.

पेडण्याचा पोर: पात्रांव, चिरे न काढता तुमचं घर उभं राहिलं का? मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला म्हणून आमच्याकडच्या काही पोरांना घराजवळ नोकरी मिळाली, नाहीतर गल्फला जा नाहीतर बोटीवर. आणि डायनासोर गेले तेव्हा माणूस कुठे होता? जाती येतात, जातात, निसर्गच तसा आहे.

सत्तरीकर: जातात हे खरं, पण किती वेगाने जातात ते बघ ना. २०१९ च्या आयपीबीईएसच्या, म्हणजे जैवविविधतेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंचाच्या, जागतिक अहवालात म्हटलंय की आताचा वेग गेल्या १ कोटी वर्षांच्या सरासरीपेक्षा दहापट ते शेकडो पटींनी जास्त आहे, सुमारे १० लाख जाती धोक्यात आहेत, आणि जमिनीवर सगळ्यात मोठं कारण जमिनीचा वापर बदलणं हेच. नोकरी नको असं मी म्हणत नाहीये रे.

पेडण्याचा पोर: मग तोडलेल्याच्या बदल्यात झाडं लावतात की. दुप्पट लावा, तिप्पट लावा.

म्हादईकाठची: शाळेत शिकवते म्हणून राहवत नाही, लिहितेच. सड्यावर माती जेमतेम बोटभर, तिथे खड्डे मारून झाडं लावली तर तिथलं गवत आणि फुलंच मरतात. सत्तरीतल्या बांबरची निरंकाराची राय, म्हणजे देवराई, बघितलीय? पाण्यात उभी रानजायफळं, मुळं गुडघ्यासारखी वर आलेली. ती वर्षभराच्या झऱ्यावर जगतात, मोठ्या बिया धनेश नेतात. वरचा डोंगर खणला, झरा आटला, तर रोपवाटिकेतून काय आणणार? चित्त्याचं बघा, १९५२ मध्ये आपल्याकडून नामशेष झाला असं जाहीर केलं, २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनोत आणले ते आफ्रिकेचे. आपला आशियाई चित्ता आता फक्त इराणमध्ये उरलाय, तोही मोजकाच.

कुळागरवाला: तुमचं सगळं बरोबर असेल बाय, पण माझी केळी माकडांनी संपवली आणि गव्यांनी माडाची रोपं उपटली त्याचं काय? नुकसानभरपाईसाठी फेऱ्या मारून चपला झिजल्या. म्हादईचं अभयारण्य १९९९ ला जाहीर झालं तेव्हापासून आमचे जमिनीचे हक्क लटकलेत. २०२३ ला हायकोर्टाने व्याघ्र प्रकल्प करा म्हटलं, तेव्हापासून गावात झोप नाही, उठवतील म्हणून.

सत्तरीकर: दादा, हक्काचं आधी सुटायला हवं, यात माझं दुमत नाही. २०२० च्या जानेवारीत वाघीण आणि तीन बछडे विषाने मेले, तेव्हाच मला वाटलं की गुरं मेल्यावर माणसाला वेळेत पैसे मिळाले असते तर कदाचित ही वेळ आली नसती. पण गवा तुमच्या कुळागरात, सुपारी-नारळाच्या बागेत, का येतो? जंगलाचे तुकडे झालेत. आपला वाघ कर्नाटकातल्या भीमगड, काळीच्या जंगलाशी जोडलेला आहे, मध्ये रस्ता, तारा, रेल्वे वाढत गेली तर तो इथे अडकून पडणार, आणि चार-पाच वाघांच्या तुकड्याचं पुढे काय होतं ते सांगायला नको.

पेडण्याचा पोर: सगळ्या सड्यांना हात लावू नका म्हणालात तर मी विरोधातच आहे. पण कुठला सडा ठेवायचा ते आधी बघून ठरवा म्हणाल तर चालेल.

कुळागरवाला: आमच्या देवरायीतली वाळकी फांदीसुद्धा आम्ही आणत नाही, आणि ते कुठल्या वनखात्याने शिकवलं म्हणून नाही. आम्हाला बाजूला काढून जंगल टिकेल असं कुणी म्हणालं तर मला नाही पटत.