फ्यूजच्या जागी आधी बल्ब लावून बघा

बाइकचा १५ अँपिअरचा फ्यूज तिसऱ्यांदा उडाला म्हणून २० चा टाकू का, असं विचारलंय तुम्ही. अजिबात नको. फ्यूज वायरिंगला वाचवायला असतो. मोठा टाकलात तर तो शाबूत राहील आणि वायर जळेल. उडालेल्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे महाभाग तर वेगळेच!

नवे फ्यूज जाळत बसण्यापेक्षा फ्यूजच्या जागी ब्रेकलाइटचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडा. शॉर्ट असेल, म्हणजे उघडी वायर फ्रेमला टेकत असेल, तर तो लख्ख पेटतो, पण करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपासच थांबतो, त्यामुळे निवांत शोधता येतं. मग एकेक कपलर (वायरी जोडणारा प्लग) सोडवा, हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवून बघा. बल्ब जिथे एकदम मंदावेल तिथे चोर.

हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की उडतो म्हणताय, तर टाकी काढून थेट हँडलच्या मानेपाशीच बघा. माझ्या गाडीत तिथेच वायरीचं कव्हर घासून तांबं उघडं पडलं होतं, फ्रेमवर मसुरीएवढा काळा डाग. तोवर मेकॅनिकच्या सांगण्यावरून रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा भाग) बदलून झाला होता, ते दुःख निराळं. जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा. नुसती टेप पहिल्या पावसात सुटते.