खानदेशातली थंडीची लाट आणि ला निना: संबंध कसा तपासायचा?

प्रश्न: जळगाव-धुळ्याच्या 1951 पासूनच्या थंडीच्या लाटा ला निनाशी (प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा थंड होतं ती स्थिती) जुळतात का, ते पाहायचंय. किमान तापमान 10 अंशांखाली गेलेले दिवस मोजले तर चालेल?

उत्तर 1: भाऊ, तिथेच गल्लत होते. तापमान दशकागणिक वाढत गेलंय, त्यामुळे जुन्या काळात लाटा उगाच जास्त दिसतील. आधी वाढीचा कल वजा करा. मग प्रत्येक तारखेसाठी सगळ्या वर्षांतले आगेमागे 7 दिवस धरून सर्वात थंड 10 टक्के दिवस काढा. असे सलग 3 दिवस आले तर लाट. हवामान खात्याच्या तापमान-नोंदींची चौकट अक्षांश-रेखांशाच्या 1 अंशाची, म्हणजे बाजू सुमारे 110 किलोमीटर. म्हणजे रावेरची केळी आणि सातपुडा एकाच आकड्यात! केंद्रावरच्या नोंदींशी ताडून पाहा.

उत्तर 2: ला निनात प्रशांत महासागराच्या पश्चिम भागावर ढगनिर्मिती वाढते, त्याच्या प्रतिसादात वायव्य आणि मध्य भारतावर उत्तरेचे गार वारे बळावतात. पण पारा घसरतो तो पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी, ढग-पाऊस आणणारी हिवाळी प्रणाली) पुढे सरकून आभाळ निवळल्यावर. ढग राहिले तर केळीला थंडीचा चरका बसत नाही.

उत्तर 3: 2020 ते 2023 सलग तीन हिवाळे ला निनाच होती. ती एकच लांबलेली स्थिती, म्हणून ते तीन स्वतंत्र पुरावे धरू नका. आर्क्टिक आंदोलनाचा (उत्तर ध्रुवाभोवतीच्या हवेच्या दाबातला चढउतार) निर्देशांकही सोबत घ्या.