प्याऊला पाणी येणार नसेल तर दुरुस्ती कशासाठी?

गिरगावकर

गिरगावातून भुलेश्वरमार्गे मशीद बंदरपर्यंत चालत जा आणि वाटेतल्या जुन्या प्याऊ, म्हणजे दगडी पाणपोया, शोधा. बहुतेकांना त्या दिसतच नाहीत, कारण पुढे केळीवाला बसलेला असतो आणि मागे फ्लेक्स बांधलेला असतो. माझ्या रोजच्या वाटेवरची एक सांगतो. काळ्या दगडाचा चौथरा, त्यावर संगमरवरी पाटी. पाटीवर दात्याचं आणि त्याच्या आईचं नाव गुजरातीत कोरलंय, पण ऑइलपेंटचे थर बसून बसून अक्षरं बुजत आलीत. नळाच्या जागचं भोक सिमेंटने लिंपून टाकलंय. खाली गुडघ्याएवढ्या उंचीवर गाडीच्या बैलाघोड्यांसाठी केलेली दगडी डोणी आहे, तिच्यात आता सफाईवाल्याचा झाडू, दोन भंगलेल्या फोटोफ्रेमा आणि घडी केलेलं मेणकापड असतं. चौथऱ्याची एकच कड गुळगुळीत झिजली आहे. ओणवं होऊन पाणी पिताना माणसं तिथेच हात टेकवत असणार.

विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये नळाने मुंबईत आलं. त्याआधी सगळी भिस्त विहिरींवर आणि तलावांवर. धोबीतलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक ही त्या तलावांची आता नुसती नावं उरली. नळ आले तशी शेठमंडळींनी रस्तोरस्ती पाण्याची सोय केली. सर कावसजी जहांगीर रेडीमनींनी एकट्याने चाळीस पाणपोयांसाठी पैसे दिले. मशीद बंदरची केशवजी नायकांची घड्याळाच्या मनोऱ्याची प्याऊ १८७६ ची. फोर्टात मिंट रोडवरचं कारंजं रतनशी मुळजींनी अकाली गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ बांधलं, आणि त्याचा आराखडा व्ही.टी. स्टेशन बांधणाऱ्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा. बाजार, गोदी, ट्राम, जिथे माणूस आणि जनावर घामाघूम व्हायचं, तिथेच पाणी.

अलीकडे पालिकेचं पुरातन वारसा खातं यातल्या काही प्याऊंची दुरुस्ती करतंय. दगड धुतले जातात, वरची पडलेली दगडी छत्री बसवली जाते. ते काम करणाऱ्या कारागिरांबद्दल मला आदर आहे. पण दुरुस्ती झाल्यावर भोवती जाळी, वर दिवा आणि नळ कोरडा, असं होणार असेल तर मला ते मान्य नाही. पाणी सोडायचं नसेल तर त्या दगडांवर सार्वजनिक पैसा घालू नये. समोरच्या टपरीवर वीस रुपयांची बाटली घेतल्याशिवाय हमालाला घोटभर पाणी मिळत नसेल, तर ती प्याऊ दुरुस्त झाली असं मी म्हणणार नाही.

जलखात्यातला

पूर्ण असहमत. आयुष्यभर पालिकेच्या जलखात्यात काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुंबईला भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर, तानसा, विहार आणि तुळशी या सात तलावांतून रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी येतं. पण ते प्रत्येक गल्लीच्या पाइपात चोवीस तास नसतं. शहराचे विभाग पाडलेले आहेत. चावीवाला ठरल्या वेळी रस्त्यातलं झाकण उघडतो, लांब दांड्याची चावी फिरवतो, आणि त्या भागाला काही तास पाणी सुटतं. चावी बंद झाली की पाइपातला दाब पडतो. मग शेजारून जाणारं गटार कुठे पाझरत असेल आणि आपला जुना सांधा सैल असेल, तर बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. पुढच्या वेळी पहिली काही मिनिटं जे गढूळ पाणी येतं ते बऱ्याचदा त्याचंच. इमारतीत हे पाणी टाकीत पडतं, सोसायटी टाकी धुऊन घेते, तक्रार करायला सेक्रेटरी असतो. रस्त्यावरच्या प्याऊला सेक्रेटरी कुठला?

चोवीस तास पाणी हवं तर प्याऊला टाकी हवी. टाकी आली की ती धुणं आलं, क्लोरीन तपासणं आलं, झाकणाला कुलूप आलं. मे महिन्यात हे एकदा जरी चुकलं आणि चार जणांना कावीळ झाली, तर जाब कुणाला विचारायचा? वारसा खात्याला की वॉर्ड ऑफिसला? माझ्या मते दगड जपा, तो इतिहास आहे. पाणी मात्र जिथे राखणदार आहे तिथे द्या. इस्पितळ, मंडई, बस आगार. तिथे एक माणूस जबाबदार धरता येतो.

बॅग पाठीवर

मी पार्सलं पोचवतो, दक्षिण मुंबईत. काका, तुम्ही म्हणता त्या जागांवर मी जातो कधी? इस्पितळात पाण्यासाठी शिरलो तर गेटवरच विचारतात कुणाला भेटायचंय. मंडई दुपारी निम्मी बंद. आमचं काम दोन इमारतींच्या मधल्या रस्त्यावर चालतं, आणि तहान पण तिथेच लागते.

सकाळी घरून दोन लिटरची बाटली भरून निघतो, ती एकच्या आत संपते. मग सोसायटीच्या वॉचमनकडे मागतो. चांगली माणसं असतात, देतात. पण काही ठिकाणी त्यांनाच ताकीद असते की बाहेरच्याला नळावर येऊ द्यायचं नाही, मग त्या माणसाला अडचणीत कशाला टाकायचं? सगळ्यात बिनबोभाट पाणी मिळतं ते मशिदीबाहेरच्या नळावर, देरासराबाहेरच्या, म्हणजे जैन मंदिराबाहेरच्या, माठावर आणि उन्हाळ्यात मंडळांच्या पाणपोईवर. ही यादी आमच्या सगळ्या पोरांना पाठ आहे. त्या माठावर टाकी धुतल्याचा दाखला नसतो, तरी आम्ही पितो, कारण दुसरं काही नसतं. धोका आजही आहेच, फक्त तो आमच्या अंगावर आहे आणि कुणाच्या कागदावर नाही.

परळकरीण

मुद्दा पाण्याचा आहे तसा जागेचाही आहे. माझे गुडघे गेलेत, हातात काठी असते. आमच्या नाक्यावर कुणीतरी पुण्याईचं काम म्हणून नळ बसवला. महिन्याभरात तिथे भांडी घासणं, गाड्या धुणं, आंघोळी सुरू झाल्या. फरशीवर शेवाळ धरलं. शेजारची एक बाई घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. नळ बसवणारे परत फिरकले नाहीत.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक नियमात फुटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी वाट हवी असं आहे. गिरगाव-भुलेश्वरला ती आज कुठे आहे ते दाखवा. शंभर वर्षांपूर्वी जी प्याऊ मोकळ्या चौकात होती तिच्याभोवती आता फेरीवाले, स्कूटर आणि केबलचे डबे आहेत. त्यात पिणाऱ्यांची रांग लागली की म्हाताऱ्या माणसाने उतरायचं ते बसच्या चाकाखालीच. जुन्या जागेचा हट्ट सोडा. नळ स्टेशनच्या आवारात द्या.

पेठेतला

पुण्यातून एक भर. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पाणी आणून शहरभर हौद भरले. हौद होते तोवर गाळ काढायला लोक भांडून का होईना पण जमायचे. घरोघर नळ आले, हौदांवरचं लक्ष उडालं, आणि पाठोपाठ कित्येक हौद बुजले. वापर थांबला की दगडही फार दिवस टिकत नाही, म्हणून गिरगावकरांशी सहमत.

महाडचा

शेठमंडळींच्या दानाचं इतकं कौतुक चाललंय म्हणून लिहावं लागतंय. त्या पाण्याला हात कोण लावू शकत होतं, हे कुणीच विचारलं नाही.

४ ऑगस्ट १९२३ ला सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सरकारी पैशातून बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. असा ठराव करावा लागला यातच त्यावेळची परिस्थिती कळते. ठराव होऊनही चवदार तळ्यावर पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडला, आणि प्यायल्यावर डोकी फोडली गेली. मग कोर्टकचेरी, ती थेट हायकोर्टात १९३७ ला संपली. आमच्याकडे पाणपोईवरचा माणूस लांबून, हात उंच धरून ओंजळीत पाणी सोडायचा, हे मी आजोबांच्या तोंडून ऐकलंय. ओंजळीतून निम्मं सांडायचं आणि पुन्हा मागायची लाज वाटायची, असं ते सांगायचे.

प्याऊला पाणी द्या, माझा पाठिंबा आहे. परळच्या ताईंनी शेवाळाबद्दल लिहिलं तेही खरं आहे. पण हे दान म्हणून नको. दात्याची पाटी घासूनपुसून लावणार असाल, तर शेजारी बोले ठरावाचीही पाटी लावा. या शहराच्या पाण्याची गोष्ट नुसत्या देणाऱ्यांची नाही. हिसका देऊन घेणाऱ्यांचीही आहे.

गिरगावकर

महाडचे दादा, दोन्ही पाट्या लावाव्यात, माझा पूर्ण पाठिंबा. तुमच्या लिहिण्यामुळे माझं म्हणणं अधिक पक्कं झालं. रस्त्यावरचं पाणी कुणाच्या मर्जीवर असू नये. आज ते पुन्हा मर्जीवरच आलंय: वॉचमनच्या, मंडळाच्या, दुकानदाराच्या. पालिकेचा नळ उघडा असेल तर कुणाला तोंड उघडून मागावं लागत नाही.

ताई, स्टेशनचं म्हणाल तर तिथे काय झालं ते आपण पाहिलंय. फलाटांवर स्वस्त पाण्याची यंत्रं मोठ्या थाटात आली आणि त्यातली कितीतरी बंद पडली. राखणदार, आवार, कंत्राट सगळं असून. आणि घसरण्याचं म्हणाल तर जुन्या प्याऊ नीट बघा. सांडलेलं पाणी चौथऱ्यातच खोदलेल्या पन्हळीतून डोणीत आणि तिथून गटारात जायचं, वाटेवर येत नव्हतं. तुमच्या नाक्यावर कुणी भिंतीला नुसती तोटी ठोकली असणार. हा दोष बांधणीचा आहे. फेरीवाल्यांना हलवा असंही मी म्हणणार नाही, केळीवाल्यालाही त्याच नळाचं पाणी लागतं.

जलखात्यातल्या काकांना मात्र विचारायचंय. चाळीतल्या सार्वजनिक नळाला, पालिकेच्या शाळेला हेच पाणी आपण देतो ना? तिथे कावीळ झाली तर जाब वॉर्डालाच विचारतो. मग प्याऊचाच अपवाद का?

जलखात्यातला

शाळेत हेडमास्तर असतात, चाळीत भाडेकरू संघ. फरक तेवढाच आहे आणि तो लहान नाही. पाणी देणं अवघड नाही, अर्ध्या इंचाची जोडणी एका दिवसात होते. कठीण आहे ते चौथ्या महिन्यानंतरचं. पहिले तीन महिने सगळेच लक्ष देतात.

तरीही करायचंच असेल तर ऐका. एक, लोखंडी जुना पाइप तसाच वापरू नका, मुख्य वाहिनीपासून नवी जोडणी घ्या. दोन, टाकी लहान ठेवा, एका दिवसात रिकामी होईल एवढीच. मोठ्या टाकीत पाणी साठून राहतं आणि क्लोरीन उडून जातं. तीन, दाबून धरायचा नळ बसवा, सोडला की बंद होणारा. गाडी धुणारा कंटाळून निघून जातो. चार, क्लोरीन तपासायला लॅब लागत नाही. नळीत पाणी घ्यायचं, तपासणीच्या औषधाचे दोन थेंब टाकायचे, पिवळसर रंग आला की समजायचं क्लोरीन आहे. हे कुणीही शिकू शकतो, पण रोज करणारा माणूस हवा. तो नावानिशी ठरला नाही तर माझा विरोध कायम आहे. सगळ्या प्याऊंना एकदम पाणी सोडायलाही विरोध. एक घ्या आणि दोन उन्हाळे चालवून दाखवा.

बॅग पाठीवर

माणूस मी देतो. गिरगावकरांच्या त्या प्याऊसमोरच आमची पोरं ऑर्डरची वाट बघत उभी असतात, सकाळी अकरा ते रात्री अकरा कुणी ना कुणी असतंच. थेंब टाकून रंग बघायला एक मिनिट लागेल. वहीत तारीख आणि सही टाकू. काका, एकदा येऊन शिकवाल का? केळीवाल्या मावशींना पण विचारलं, त्या म्हणाल्या झाडू आणि फ्रेमा मी हलवते, पण नळाचं पाणी माझ्या टोपलीच्या बाजूला उडायला नको.

परळकरीण

अर्ज करणार असाल तर त्यात फुटपाथची रुंदीही टेपने मोजून लिहा, चौथऱ्याच्या कडेपासून रस्त्याच्या कडेपर्यंत. रांग रस्त्याच्या बाजूला न लागता इमारतीच्या भिंतीलगत लागेल असा नळ फिरवून बसवता येतो का, तेही विचारा. काठी टेकत जाणाऱ्याला वाट उरत नसेल तर वॉर्ड ऑफिसात माझी लेखी हरकत येईल, हे आत्ताच सांगून ठेवते.

जलखात्यातला

शनिवारी सकाळी दहाला येतो. क्लोरीनची पेटी माझ्याकडे आहे, टेप कुणीतरी आणा. ताई, तुम्हीही या, रांग कुठे लागेल ते तुमच्यासमोरच ठरवू.