जवान पाठवताना संसदेला विचारतात का?

प्रश्न (लातूर): धाकटा भाऊ फौजेत आहे. सीमेवर जरा काही झालं की आई टीव्हीसमोरून हलत नाही. आपण निवडून दिलेल्या खासदाराला लढाईआधी कुणी विचारतं का, असं ती विचारते. मी नीट सांगू शकले नाही. जाणकारांनी सांगावं.

नळदुर्ग, नागरिकशास्त्र शिक्षक: ताई, नाही विचारत. कलम ५३ नुसार सैन्यदलांचं सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे, आणि कलम ७४ मुळं ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात. म्हणजे निर्णय सरकारचा. १९८७ला श्रीलंकेत शांतिसेना गेली ती राजीव गांधी आणि तिथले राष्ट्रपती जयवर्धने यांच्या करारावर, आधी संसदेत मतदान झालं नाही. हजारावर जवान तिथं कामी आले.

मला सलतं ते वेगळंच. आणीबाणी लावायची तर मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय लागतो. महिन्याभरात दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी मान्यता दिली नाही तर ती आपोआप संपते. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीनं हे बंधन घातलं. पोरं परदेशात लढायला पाठवायला मात्र असं एकही बंधन नाही! हे मला अजिबात पटत नाही.

उदगीर, माजी सैनिक: सर, आधी चर्चा केली तर शत्रू सावध होणार. तुमच्याच गावचं बघा. पोलीस ॲक्शनला, म्हणजे निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आणायच्या लष्करी कारवाईत, १३ सप्टेंबर १९४८ला, फौज सोलापूरकडून अचानक आली म्हणूनच बोरी नदीवरचा पूल धड हाती लागला. १७ तारखेला निजाम शरण.

नळदुर्ग, नागरिकशास्त्र शिक्षक: दादा, पुलाचं अगदी बरोबर. हल्ल्याचा दिवस सभागृहात सांगा असं माझं म्हणणंच नाही. पण १९७१ला बघा, ३१ मार्चलाच संसदेनं पूर्व बंगालच्या (आताच्या बांगलादेशाच्या) जनतेला पाठिंब्याचा ठराव केला होता. ३ डिसेंबरला पाकिस्ताननं विमानतळांवर हल्ला केला आणि दुसऱ्याच दिवशी इंदिराबाई लोकसभेत बोलल्या. त्यानं लढाईचं काही बिघडलं नाही. उलट कारगिलच्या वेळी लोकसभा विसर्जित झालेली, विरोधकांनी राज्यसभेचं खास अधिवेशन मागितलं, ते बोलावलंच नाही. बोलवायला हवं होतं.

लातूर: मग आमच्यासारख्यांनी करायचं काय?

नळदुर्ग, नागरिकशास्त्र शिक्षक: तुमच्या खासदारांना पत्र लिहा ताई. फौज देशाबाहेर पाठवली की तीस दिवसांत दोन्ही सभागृहांची मान्यता घ्यावी, असं खासगी विधेयक (मंत्री नसलेला खासदार मांडतो ते) मांडा म्हणावं. मी धाराशिवच्या खासदारांना लिहितोय. मसुदा इथंच टाकतो, दादांनी फौजेच्या बाजूनं तपासून द्यावा.